सुवाह्य संगीतयंत्रे

सुवाह्य संगीतयंत्रे : मुद्रित केलेले संगीत कोठेही ऐकता यावे यासाठी सहज उचलून नेता येतील अशी बनविलेली ध्वनिपुनरुत्पादक यंत्रे. चावीचा ग्रामोफोन, घटमालेवर चालणारा कॅसेट प्लेअर, सुवाह्य सीडी प्लेअर आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेला अंकीय म्हणजे डिजिटल प्लेअर ही या यंत्रांची प्रमुख रूपे होत. गायकापासून श्रोत्याच्या कानापर्यंत ध्वनी अनेक दुव्यांच्या साखळीतून येतो. मुद्रण, मुद्रणाचे माध्यम, यंत्रातील विद्युत् मंडल आणि ध्वनिक्षेपक अथवा हेडफोन हे त्यांतील मुख्य दुवे होत. ऐकू येणाऱ्या ध्वनीचा दर्जा यांपैकी सर्वांत कच्च्या दुव्यावर अवलंबून असतो. हा कच्चा दुवा प्रत्येक कालखंडात बदलत गेला असून ध्वनीच्या दर्जासाठी यंत्र निवडणे म्हणजे मुख्यतः तो दुवा ओळखणे होय.

यांत्रिक कालखंड : भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणास नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात केलेल्या मुद्रणांनी प्रारंभ झाला. त्या वेळी तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून येत. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदा भागात कारखाना निघाला व पुढे १९२८ मध्ये डमडम येथे मोठा कारखाना सुरू झाला. प्रारंभीच्या मुद्रणात ध्वनिग्राहक नसे. गायक एका कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गात असे आणि सुमारे २०० ते २,५०० हर्ट्‌झ एवढ्याच कंप्रतापट्ट्यातील ध्वनी तबकडीवर उमटे. तानपुऱ्याचा झंकार त्यात जवळजवळ येतच नसे. १९२५ नंतर विद्युत् ध्वनिमुद्रण रूढ झाल्यावर ही मर्यादा सुमारे ५,००० हर्ट्‌झपर्यंत वाढली. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे सव्वातीन मिनिटेच मावत. त्यामुळे तासभर चालणारा ख्याल तेवढ्यात बसविण्याची कला गायकांना साधावी लागली. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांची विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील आणि १९३० नंतरच्या दशकातील मुद्रणे ताडून पाहिली असता या दोन तंत्रांतील अंतर स्पष्ट होते. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या गायनाचे मात्र एकही मुद्रण उपलब्ध नाही.

उचलून नेण्याजोगा ग्रामोफोन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लोकप्रिय झाला. १९१४ मध्ये इंग्लंडात निघालेला डेक्का हा पेटीतील ग्रामोफोन सैनिकांनी खंदकांत नेला होता. १९३१ पासून विकल्या गेलेल्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या १०२ क्रमांकाच्या पेटीचा भारतातही प्रसार झाला. स्प्रिंगेवर चालणाऱ्या या पेटीस वीज लागत नसल्याने वीज न पोहोचलेल्या गावांतही नाट्यसंगीताच्या तबकड्या वाजू लागल्या. बालगंधर्वांचे गाणे प्रत्यक्ष नाटक न पाहिलेल्या हजारो लोकांपर्यंत गेले ते याच मार्गाने. मात्र पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी लागे, तबकडी झिजत जाई आणि खरखर गाण्यात मिसळे. या काळात माध्यम व यंत्र हे दोन्ही दुवे कच्चे होते.

फीत व कॅसेट : १९४७ मध्ये लागलेल्या ट्रान्झिस्टरच्या शोधाने विवर्धकाचे आकारमान व त्याला लागणारी वीज या दोन्ही गोष्टी कमी केल्या. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने ३·८१ मिमी. रुंदीच्या चुंबकीय फितीची कॅसेट बाजारात आणली. तिची गती सेकंदास केवळ ४·७६ सेंमी. असल्याने प्रारंभी ती बोलणे टिपण्यापुरतीच योग्य मानली जात असे. सुधारलेल्या फिती आणि डॉल्बी ही गोंगाट कमी करणारी पद्धती यांमुळे १९७० नंतर ती संगीतास पुरेशी ठरली. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीचा वॉकमन विक्रीस आला. त्यात मुद्रणाची सोय व ध्वनिक्षेपक दोन्ही नव्हते. वजनाने हलके हेडफोन हेच त्याचे वैशिष्ट्य होते. रस्त्याने चालताना, प्रवासात किंवा काम करताना एकट्यानेच संगीत ऐकण्याची सवय या यंत्राने रुजविली.

भारतात १९८० नंतर कॅसेटचा वेगाने प्रसार झाला आणि दीर्घकाळ टिकलेली ग्रामोफोन कंपनीची जवळजवळ मक्तेदारी मोडली. थोड्या भांडवलावर कॅसेट काढता येत असल्याने भजन, कीर्तन, शाहिरी, लोकगीते आणि आंबेडकरी जलशांच्या परंपरेतील गीते गाणाऱ्यांना मोठा श्रोतृवर्ग लाभला. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) आणि विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांचा आवाज खेडोपाडी पोहोचण्यात कॅसेटचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्या संस्थांनी शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी काळजीपूर्वक काढल्या. दुसऱ्या बाजूस नकली कॅसेटींचा सुळसुळाट झाला. प्रतीवरून प्रत काढताना प्रत्येक वेळी गोंगाट वाढे व उच्च कंप्रता नाहीशा होत. म्हणजे या काळात यंत्रापेक्षा मिळणारी प्रत हाच अधिक कच्चा दुवा होता.

अंकीय ध्वनी : अंकीय पद्धतीत ध्वनितरंगाची उंची ठराविक अंतराने मोजून ती अंकांच्या रूपात साठवितात. तरंगातील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा दर सेकंदास मापन केल्यास मूळ तरंग त्या मर्यादेत पूर्णपणे परत मिळविता येतो, असे हॅरी नायक्विस्ट (१९२८) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कार्यातून सिद्ध झाले. मानवी कानास फार तर सुमारे २० किलोहर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो व वयाबरोबर ही मर्यादा खाली येते. त्यामुळे सोनी व फिलिप्स यांनी १९८० मध्ये ठरविलेल्या व १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदास ४४,१०० मापने आणि प्रत्येक मापनास १६ बिट हे प्रमाण निश्चित झाले. एका बिटामागे सुमारे ६ डेसिबल या हिशेबाने सर्वांत क्षीण व सर्वांत तीव्र ध्वनी यांत सुमारे ९६ डेसिबल अंतर त्यात मावते. जुन्या लाखेच्या तबकडीत हे अंतर ४० डेसिबलच्या आसपास व साध्या कॅसेटमध्ये ५० ते ५५ डेसिबल असे. अंकांची प्रत काढताना दर्जा घटत नाही, हा या पद्धतीचा दुसरा मोठा गुण होय. १९८४ मध्ये सोनी कंपनीने सुवाह्य सीडी प्लेअर काढला, पण चालताना बसणाऱ्या हादऱ्यांनी त्याचे वादन खंडित होई. [⟶ ध्वनिमुद्रण व पुनरुत्पादन].

एमपी-३ व पहिले अंकीय प्लेअर : दोन वाहिन्यांच्या सीडीवरील ध्वनीसाठी सेकंदास सुमारे १,४११ किलोबिट लागतात. १९९० च्या सुमारास असलेल्या स्मृतिघटकांच्या किंमती पाहता एवढी माहिती खिशातील यंत्रात ठेवणे अशक्य होते. तीव्र ध्वनीच्या जवळपासच्या कंप्रतेचा क्षीण ध्वनी कानास ऐकू येत नाही. या गुणधर्माचा उपयोग करून अशी न ऐकू येणारी माहिती गाळण्याची पद्धती जर्मनीतील एरलांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. १९९२ मध्ये पूर्ण झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात तिचा समावेश झाला आणि १९९५ पासून ती एमपी-३ या नावाने ओळखली जाऊ लागली. सेकंदास १२८ किलोबिट या दराने फाइलचा आकार मूळच्या सुमारे अकराव्या हिश्शावर येतो.

१९९८ मध्ये दक्षिण कोरियातील सेहान कंपनीचा एमपी-मॅन व अमेरिकेतील डायमंड कंपनीचा रिओ हे प्लेअर निघाले. त्यांची ३२ मेगाबाइटांची स्मृती सुमारे अर्ध्या तासाच्या संगीतास पुरे. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या ॲपल कंपनीच्या आयपॉडमध्ये ५ गिगाबाइटांची चकती असल्याने सुमारे हजार गाणी मावू लागली. मे २०२२ मध्ये कंपनीने या यंत्राचे उत्पादन थांबविल्याचे जाहीर केले. २००१ मध्येच काहीही न गाळता फाइल सुमारे निम्म्यावर आणणारी फ्लॅक ही खुली पद्धती उपलब्ध झाली. स्मृतिघटक स्वस्त होत गेल्याने पुढे गाळणीची निकड उरली नाही, तरी एमपी-३ ची सवय मात्र टिकून राहिली.

मराठवाड्यातील प्रसार : मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्यातील अनेक खेड्यांत वीज उशिरा पोहोचली. त्यामुळे येथे विजेच्या जोडणीवाचून चालणाऱ्या यंत्रांना विशेष महत्त्व आले. चावीच्या ग्रामोफोननंतर घटमालेवर चालणारा ट्रान्झिस्टर रेडिओ व टेपरेकॉर्डर हीच यंत्रे शेतावर व घरी संगीत नेत. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात संत नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मस्थान नर्सी व औंढा येथील नागनाथाचे ज्योतिर्लिंग असून याच औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे मल्लिनाथांच्या दिगंबर जैन क्षेत्रामुळे परिचित आहे. हरिपाठ व भजन, जैन स्तवने, भीमगीते आणि चित्रपटगीते असे बहुविध श्रवण या परिसराच्या अंगवळणी पडले आहे.

अशा गावांत अंकीय संगीत आले ते स्वतंत्र प्लेअरमधून नव्हे, तर स्वस्त मोबाइल फोन व नखाएवढे मेमरी कार्ड यांच्या द्वारा. २००५ ते २०१५ या दरम्यान बाजारपेठेच्या गावी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातील संगणकावरून अल्प मोबदल्यात कार्ड भरून घेण्याची रीत देशभर होती. ८ गिगाबाइटांच्या कार्डावर १२८ किलोबिट दराने सुमारे १३९ तासांचे संगीत मावते. कॅसेटच्या काळात घरभर डबे लागले असते एवढा हा साठा होय. परंतु ही गाणी बहुधा आधीच एकदोनदा गाळलेली असत. एमपी-३ वरून पुन्हा एमपी-३ केल्यास प्रत्येक वेळी काही अंश नष्ट होतो. अंकीय प्रत घटत नाही हे तत्त्व खरे असले, तरी पुनःपुन्हा गाळलेल्या प्रतीस ते लागू पडत नाही. गायक, वादक, गीतकार वा रेकॉर्डचे वर्ष यांची नोंदही या फाइलींत सहसा राहत नसे. अशा विक्रीस कायद्याची संमती नव्हती व कलावंतांना त्यातून काही मिळत नसे. त्याचबरोबर बाजारातून नाहीशा झालेल्या कित्येक कॅसेटींतील गाणी या कार्डांमुळेच कानावर पडत राहिली, हेही नोंदविणे आवश्यक आहे.

ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाची उत्तराधिकारी असलेल्या सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये ‘कारवाँ’ हा आधीच गाणी भरलेला प्लेअर काढला. पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. जुन्या रेडिओसारखे रूप, मोजकी बटणे व अंगचा ध्वनिक्षेपक यांमुळे तो विशेषतः वयस्क श्रोत्यांना सोयीचा वाटला. ध्वनीच्या सूक्ष्मतेपेक्षा गाणे सहज सापडणे यास ग्राहक अधिक मोल देतो, हे या यंत्राच्या लोकप्रियतेने दाखवून दिले.

उच्च दर्जाचे प्लेअर व त्यांविषयीचा वाद : मोबाइल फोनने साध्या प्लेअरची जागा घेतल्यावर उत्पादकांनी केवळ ध्वनीच्या दर्जासाठी महाग यंत्रे काढली. दक्षिण कोरियातील आयरिव्हरचा ॲस्टेल अँड कर्न एके-१०० (२०१२), चीनमधील फिओचा एक्स-३ (२०१३) व सोनीचा झेडएक्स-१ (२०१३) ही त्यांची प्रारंभीची उदाहरणे होत. सोनीने २०१६ मध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या कवचाचाही एक वॉकमन काढला. २४ बिट व सेकंदास ९६,००० किंवा १,९२,००० मापने असलेल्या फाइली वाजविणे हे या यंत्रांचे मुख्य आकर्षण असते. गायक नील यंग यांनी लोकवर्गणीतून उभारलेला व २०१५ मध्ये विक्रीस आलेला पोनो हा प्लेअर मात्र २०१७ मध्ये बंद पडला.

अशा फाइली सीडीहून चांगल्या ऐकू येतात काय, याविषयी मतभेद आहेत. ई. ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील प्रयोगात उच्च दर्जाचा ध्वनी व तोच सीडीच्या प्रमाणातून नेलेला ध्वनी यांतील फरक श्रोत्यांना न सांगता ओळखावयास लावला. ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली म्हणजे नाणेफेकीइतकेच यश मिळाले. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांचे एकत्र विश्लेषण केले. त्यात अल्प, परंतु संख्याशास्त्रदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला आणि प्रशिक्षित श्रोत्यांत तो अधिक दिसला. फरक असलाच तरी तो सूक्ष्म आहे, एवढे यावरून निश्चितपणे म्हणता येते.

निवडीचे निकष : (१) मूळ मुद्रण : ध्वनीच्या दर्जातील सर्वांत मोठे फरक येथे असतात. जुन्या तबकड्यांचा वेग नेहमीच मिनिटास ७८ फेरे असा नेमका नसे. ७४ फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी ७८ वर वाजवून संगणकात घेतल्यास स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो, लय जलद होते व गायकाच्या आवाजाची जातही पालटते. खरखर काढण्याच्या अतिरेकी प्रक्रियेत आवाजाचा कणही निघून जातो. ही हानी कितीही महाग प्लेअर भरून काढू शकत नाही.

(२) फाइल : मूळ प्रत फ्लॅकसारख्या न गाळणाऱ्या पद्धतीत ठेवणे इष्ट. गाळलेली फाइल घ्यावयाची झाल्यास २५६ किंवा ३२० किलोबिट दराची घ्यावी. भारतीय संगीतात कमी दराचे दोष विशेष जाणवतात. तानपुऱ्याच्या जवारीमुळे निर्माण होणारे उच्च स्वरांश गायनाच्या मानाने क्षीण असल्याने गाळणीत ते विस्कळीत होतात व झंकार पाण्यातून आल्यासारखा वाटतो. तबल्याच्या कडक बोलाआधी किंवा टाळेच्या आघाताआधी अस्पष्ट पूर्वध्वनी उमटतो.

(३) हेडफोन : विद्युत् संकेताचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करणारा हा दुवा यांत्रिक असल्याने त्यात सर्वाधिक विरूपण होते. दोन चांगल्या प्लेअरांच्या ध्वनीत एक डेसिबलही फरक क्वचितच असतो, तर दोन हेडफोनांत विशिष्ट कंप्रतांना तो दहा डेसिबलपर्यंत असू शकतो. म्हणून ठराविक रकमेतील मोठा वाटा हेडफोनवर खर्च करणे अधिक लाभदायक ठरते. बिनतारी हेडफोनमध्ये ध्वनी पुन्हा एकदा गाळला जातो, हेही लक्षात घ्यावे लागते.

(४) विद्युत् मंडल : अंकांचे विद्युत् तरंगात रूपांतर करणारा घटक आता स्वस्त यंत्रांतही पुरेसा अचूक असतो. त्यापेक्षा प्लेअरचा निर्गम संरोध महत्त्वाचा असून तो हेडफोनच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा संकेत आहे. कानात घालण्याच्या काही हेडफोनांचा संरोध कंप्रतेनुसार ८ ते ६४ ओहम असा बदलतो. प्लेअरचा निर्गम संरोध १० ओहम असल्यास अशा हेडफोनमध्ये वेगवेगळ्या कंप्रतांच्या तीव्रतेत जवळजवळ ६ डेसिबलचा असमतोल निर्माण होतो. तोच संरोध १ ओहम असल्यास असमतोल एका डेसिबलच्या आत राहतो. यांशिवाय शांत जागी ऐकू येणारी सुरसुर नसणे व हेडफोनास पुरेल इतका विद्युत् दाब मिळणे या गोष्टी पाहाव्यात.

(५) तुलना : दोन यंत्रांपैकी किंचित मोठा आवाज असलेले यंत्र श्रोत्यास अधिक चांगले वाटते, असा अनुभव आहे. त्यामुळे दोन्हींची तीव्रता सु. ०·२ डेसिबलच्या आत सारखी करून, तीच फाइल, तेच हेडफोन वापरून व कोणते यंत्र चालू आहे हे श्रोत्यास कळू न देता केलेली तुलनाच विश्वसनीय मानतात. दुकानातील घाईच्या श्रवणात यांपैकी एकही अट पाळली जात नाही.

श्रवणशक्ती : कानाजवळ दीर्घकाळ मोठ्या आवाजात ऐकल्याने आतील कानातील रोमपेशी कायमच्या नष्ट होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१८ च्या प्रमाणानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल तीव्रतेस आठवड्यास ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. तीव्रता ३ डेसिबलने वाढल्यास हा अवधी निम्मा होतो. बाहेरचा गोंगाट अडविणारे हेडफोन असल्यास आवाज कमी ठेवता येतो. त्यामुळे बसमध्ये किंवा यंत्राजवळ काम करताना त्यांचा उपयोग होतो.

ध्वनिवारसा : भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्व हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. गीत व चाल यांवरील हक्क मात्र स्वतंत्र असतात. ही मुदत संपलेल्या जुन्या तबकड्या संग्राहकांनी मोठ्या प्रमाणावर अंकीय रूपात आणल्या आहेत. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय रेकॉर्ड संग्राहकांच्या संस्थेने तबकड्यांची माहिती एकत्र करण्याचे मोलाचे कार्य केले आहे. तबकड्यांच्या मानाने १९८० ते २००० या काळातील प्रादेशिक कॅसेटींकडे दुर्लक्ष झाले आहे. लहान कंपन्यांनी थोड्या प्रती काढलेल्या भजनांच्या, भीमगीतांच्या व शाहिरीच्या या फिती घरोघरी पडून असून उष्णता, धूळ व बुरशी यांमुळे त्यांवरील चुंबकीय थर निकामी होत आहे. चांगल्या स्थितीतील कॅसेट प्लेअरवरून, शीर्ष स्वच्छ व सरळ करून, त्यांची न गाळलेली अंकीय प्रत वेळीच घेतली व गायक, स्थळ आणि वर्ष यांची नोंद तिला जोडली, तरच पुढील काळातील कोणत्याही प्लेअरला वाजविण्यास काही उरेल.